पंचावन्न मिलिग्रॅमची गोष्ट: बदकाची पिल्लं, ज्वारी आणि पोषणशास्त्राचा इतिहास

सुप्यात पशुखाद्याच्या दुकानात जाऊन बदकाच्या पिल्लांचं खाद्य मागितलं, तर दुकानदार बहुतेक वेळा कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर पुढे करेल. त्यात त्याचं काही चुकत नाही. पारनेर तालुका कमी पावसाचा, ज्वारी-बाजरीचा. इथे भातखाचरं नाहीत आणि बदकं पाळायची जुनी रीतही नाही. देशातली बदकं प्रामुख्याने पश्चिम बंगाल, आसाम, केरळ अशा पाणथळ भागांत. पण आपल्याकडे आता शेततळी झाली आहेत. तळ्यात हौसेने दोन-चार बदकं सोडावीत असं कुणाला तरी वाटतं, पिल्लं घरी येतात, आणि घरातली मुलं त्यांना जे हाताशी असेल ते घालतात. भाकरीचा चुरा, ज्वारीच्या कण्या, उरलेला भात.

अशा खाण्यावर काही पिल्लं तगतात. काही मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लंगडायला लागतात. पाय धनुष्यासारखे वाकतात, ढोपर सुजतं, पिल्लू बसून राहतं. घरातले म्हणतात, थंडी बाधली किंवा कुणाच्या तरी पायाखाली आलं. पाय खरोखर मुरगळलेलाही असू शकतो. पण भरवलेलं पिल्लू असं वाकायला लागलं तर सगळ्यात आधी ज्याच्यावर संशय घ्यावा ते आहे नायसिन, म्हणजे ब गटातलं तिसरं जीवनसत्त्व.

मी पोषणशास्त्राच्या इतिहासावर काम करते, त्यामुळे मला यातला एक आकडा फार आवडतो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने कोंबडीवर्गीय पक्ष्यांच्या पोषणगरजांचं एक पुस्तक काढलं आहे. त्याची नववी सुधारित आवृत्ती १९९४ ची. त्यात अंड्यांच्या जातीच्या कोंबडीच्या पिल्लाला पहिल्या सहा आठवड्यांत एक किलो खाद्यामागे २७ मिलिग्रॅम नायसिन लागतं असं दिलं आहे. मांसाच्या कोंबडीला सुरुवातीला ३५. आणि बदकाच्या पिल्लाला ५५.

म्हणजे जवळजवळ दुप्पट. दोन्ही पक्षीच, दोन्ही दाणे टिपतात, दोन्ही अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच पळायला लागतात. मग एवढा फरक का? या एका ‘का’चा माग काढत गेलं तर जाकार्ता, मिसिसिपी, विस्कॉन्सिन, हैदराबाद असा मोठा फेरफटका होतो, आणि शेवटी आपण परत ज्वारीपाशीच येतो. पेट-सेट झाली, आता पीएचडीचा विषय शोधतोय, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांनी हा फेरफटका जरूर करावा. कारण तक्त्यातला आकडा हा कुठल्यातरी विशिष्ट शरीराबद्दलचा असतो, हे आपण फार लवकर विसरतो.

भातावरच्या कोंबड्या

अन्नात ‘काहीतरी कमी’ असल्याने रोग होतो, ही कल्पना आज शाळेतल्या मुलालाही माहीत असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती फारशी कुणाच्या डोक्यात नव्हती. तेव्हा जंतूंचा जमाना होता. रोग म्हणजे जंतू, हे पाश्चर आणि कॉख यांनी नुकतंच सिद्ध केलेलं.

याच समजुतीने डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन १८८६ मध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला गेला. डच सैन्यात बेरीबेरीची साथ होती आणि त्याचा जंतू शोधायचा होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांना एकदा अचानक बेरीबेरीसारखाच लुळेपणा आला आणि काही महिन्यांनी तो आपोआप गेला. चौकशी केल्यावर कळलं, की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला, पुन्हा साधा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या.

आइकमनने याचा अर्थ मात्र वेगळा लावला. पांढऱ्या तांदळात काही विष असावं आणि कोंड्यात त्याचा उतारा असावा, असं त्याला वाटलं. ‘विष नाही, उणीव आहे’ असा अर्थ १९०१ मध्ये त्याच्या जागी आलेल्या खेरिट ग्रेन्सने लावला. आइकमनला १९२९ मध्ये नोबेल मिळालं, ते इंग्लंडच्या हॉपकिन्ससोबत विभागून.

आता आपल्या कामाचा मुद्दा बघा. हा शोध लागला कारण कोंबडी या उणिवेला चटकन बळी पडते. आइकमनच्या अंगणात दुसरा एखादा चिवट प्राणी असता, तर तोच भात खाऊन तो तसाच हिंडत राहिला असता आणि कुणाच्या काही लक्षात आलं नसतं.

याच्या बरोबर उलटी गोष्ट नॉर्वेत घडली. १९०७ मध्ये आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिक यांना बेरीबेरीसाठी सस्तन प्राणी हवा होता, म्हणून त्यांनी गिनीपिग घेतले आणि त्यांना नुसतं धान्य घातलं. गिनीपिगांना बेरीबेरी झालाच नाही, झाला स्कर्व्ही. उंदीर, कुत्रा, कोंबडी हे सगळे क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. गिनीपिगाला ते जमत नाही, आपल्यालाही जमत नाही. शोधायला गेले एक, हाती लागलं दुसरं, आणि तेही केवळ प्राणी बदलल्यामुळे.

बाटलीत पडून राहिलेलं औषध

नायसिनची गोष्ट पेलाग्रा या रोगाशी बांधलेली आहे. ऊन लागतं तिथली कातडी काळवंडून सोलते, जुलाब होतात, आणि रोग वाढला की माणूस भ्रमिष्ट होतो. १७३५ च्या सुमारास स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने मका खाणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत तो नोंदवला. मका अमेरिकेतून युरोपात आला आणि जिथे जिथे गरिबांच्या ताटात फक्त मकाच उरला, तिथे तिथे हा रोग गेला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्याचा कहर होता. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं. त्यांच्या लक्षात आलं, की अनाथालयांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांना पेलाग्रा होतो, पण तिथल्या नोकरांना होत नाही. जंतू असता तर त्याने असा भेद केला नसता. फरक ताटात होता. १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर कैद्यांना माफीच्या बदल्यात मक्याच्या निकस आहारावर ठेवून त्यांनी हे दाखवून दिलं. आजच्या कुठल्याही नैतिकता समितीसमोर हा प्रयोग उभा राहिला नसता, हेही लक्षात ठेवू. पुढे स्वस्तात पेलाग्रा टाळायला ब्रूअर्स यीस्ट चालतं, हेही त्यांनी शोधलं. १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर रेडक्रॉसने ते वाटलं. पण त्या यीस्टमध्ये नेमकं काय आहे हे न कळताच १९२९ मध्ये गोल्डबर्गर गेले.

उत्तर आलं १९३७ मध्ये, कुत्र्यांवरून. कुत्र्यांना तसाच आहार दिला की त्यांची जीभ काळी पडते. विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेहम यांनी यकृताच्या अर्कातून निकोटिनिक आम्लाचं अमाइड वेगळं काढलं आणि त्याने कुत्रे बरे झाले. त्यानंतर थोड्याच काळात माणसांवरही गुण आला.

गंमत अशी, की निकोटिनिक आम्ल काही नवं नव्हतं. रसायनशास्त्रज्ञांना ते एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. ‘व्हिटामिन’ या शब्दाचा जनक काझिमीर फुंक याने तर ते तांदळाच्या कोंड्यातूनच वेगळं काढलं होतं. पण तो बेरीबेरीचं औषध शोधत होता आणि त्याच्या आजारी कबुतरांना या पदार्थाने गुण आला नाही. म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं. पदार्थ बरोबर, रोग वेगळा. पेलाग्राचं औषध वीस-पंचवीस वर्षं बाटलीत पडून राहिलं आणि त्या काळात माणसं मरत राहिली. ‘निगेटिव्ह रिझल्ट’ लिहून ठेवताना तो कोणत्या प्रश्नाला निगेटिव्ह आहे, तेही लिहायचं असतं. ते का, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

रस्त्याला फुटलेला फाटा

आता बदकाकडे येऊ. १९४५ मध्ये विस्कॉन्सिनमध्येच विलार्ड क्रेल आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं, की आहारात नायसिन नसलं तरी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल पुरेसं असेल तर काम भागतं. शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिनचं काम करणारा पदार्थ स्वतः बनवतं. माणसात साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिनइतकं काम होतं, असं पुढे मोजलं गेलं. दुधात नायसिन फार नसूनही पेलाग्रा दुधाने का बरा होतो, हे जुनं कोडं त्यामुळे सुटलं. दुधाच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन भरपूर असतं.

हे रूपांतर एका लांब रस्त्याने होतं आणि त्या रस्त्याला मध्ये एक फाटा आहे. सुप्याला पुणे-नगर हमरस्ता सोडून एक रस्ता पारनेरकडे वळतो, तसंच समजा. ट्रिप्टोफॅनपासून आलेला माल या फाट्याशी पोचतो. सरळ गेला तर नायसिनच्या गावाला लागतो. वळला तर जळून ऊर्जेत जातो, नायसिन होत नाही. माल वळवण्याचं काम एक एन्झाइम करतं, त्याचं नाव पिकोलिनिक कार्बोक्सिलेज. हे एन्झाइम जितकं जोरात, तितका माल आडवाटेला जास्त.

उंदरात ते मंद आहे. कोंबडीत मध्यम. बदकात जोरदार. मांजरात तर इतकं जोरदार, की मांजर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन जवळजवळ बनवतच नाही. म्हणून बदकाच्या पिल्लाला तयार नायसिन खाद्यातूनच मिळायला हवं. ते २७ आणि ५५ मधलं अंतर मुख्यतः या फाट्याचं आहे.

१९४० च्या दशकाच्या मध्यावर हार्वर्डमध्ये मार्क हेगस्टेड यांनी बदकाच्या पिल्लांना शुद्ध घटकांपासून बनवलेलं खाद्य देऊन त्यांची ही गरज तपासली. बदकावर एवढा खर्च कुणी का करावा? कारण अमेरिकेत त्याची बाजारपेठ होती. पांढरी पेकिन बदकं चीनमधून १८७३ मध्ये अमेरिकेत आली आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्यांचा मोठा धंदा उभा राहिला. पुढे कॉर्नेल विद्यापीठाने तिथे बदकांसाठी वेगळी प्रयोगशाळाही चालवली. १९९४ च्या त्या पुस्तकातला बदकांचा तक्ता मुळात पांढऱ्या पेकिनचा आहे, झपाट्याने वाढवून मांसासाठी विकायच्या पक्ष्याचा. केरळात कापणीनंतरच्या शेतांतून कळपाने हिंडणारी बदकं त्या तक्त्यात नाहीत.

त्या बदकांना नायसिनचा हिशोब कुणी करून देत नाही, तरी त्यांचं चालतं, कारण ती दिवसभर गोगलगायी, किडे, बारके मासे आणि सांडलेले दाणे खातात. माझा आपला अंदाज, की इतका सकस आणि मांसयुक्त आहार पिढ्यान् पिढ्या मिळाल्यावर आडवाटेला माल गेला तरी पक्ष्याचं बिघडत नसावं. मांजराचंही तेच. अडचण तेव्हा येते, जेव्हा हा पक्षी पाण्यातून उचलून अंगणात आणला जातो आणि त्याच्यापुढे धान्य ठेवलं जातं.

ज्वारीचं कोडं

आणि आपल्याकडे धान्य म्हणजे ज्वारी. आता सरळ गणित करून बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते आपल्यापैकी बहुतेकांनी पदवीच्या वर्गात वापरलेत. त्यातल्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत १०.४ ग्रॅम प्रथिनं आणि ३.१ मिलिग्रॅम नायसिन दिलं आहे. म्हणजे किलोला ३१ मिलिग्रॅम. कागदावर कोंबडीच्या पिल्लाची २७ ची गरज यात भागते. बदकाची ५५ ची भागत नाही. प्रथिनांचंही तेच. बदकाच्या पिल्लाला पहिल्या दोन आठवड्यांत २२ टक्के लागतात, ज्वारीत त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत.

पण ‘कागदावर’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. त्याच तक्त्यात मक्यात १.८ आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात १.९ मिलिग्रॅम नायसिन आहे. ज्वारी दोघांपेक्षा वरचढ. तरीही पेलाग्रा भातखाऊ लोकांत सहसा दिसत नव्हता आणि दख्खनच्या पठारावर, विशेषतः तेलंगणाच्या बाजूला, जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसत होता. मक्याचं कारण एव्हाना माहीत होतं. त्यात ट्रिप्टोफॅन कमी, आणि असलेलं नायसिन असं बांधलेलं असतं की पचनात ते सुटत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते मोकळं होतं. पण ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतकं कमी नाही. मग रोग का?

हा प्रश्न घेतला डॉ. कोलुथुर गोपालन यांनी. त्यांची संस्था मुळात १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूरला बेरीबेरीच्या अभ्यासासाठी सुरू केलेली. मॅककॅरिसन यांनी तिथे उंदरांच्या गटांना शीख, पठाण, मराठा, मद्रासी असे प्रांतवार आहार देऊन त्यांची वाढ तोलली होती. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला आली, म्हणजे ज्वारीच्या मुलखात, जिथे पेलाग्राचे रुग्ण दारात येत होते. जागा बदलली आणि प्रश्नही बदलला.

१९६० मध्ये गोपालन आणि श्रीकांतिया यांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात एक वेगळीच सूचना मांडली. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार जास्त असतं. ते जास्त झालं की ट्रिप्टोफॅन आणि नायसिनच्या व्यवहारात अडथळा येत असावा. म्हणजे इथे उणिवेपेक्षा असंतुलन महत्त्वाचं. पुढे याच संस्थेत ज्वारीच्या आहारावर आणि जादा ल्युसिनवर कुत्र्यांत काळी जीभ निर्माण करून दाखवली गेली.

हा सिद्धांत सगळ्यांनी मान्य केला असं नाही. इतरत्र झालेल्या काही प्रयोगांत ल्युसिनचा तसा परिणाम मिळाला नाही आणि वाद बरीच वर्षं चालला. कुत्रा, उंदीर आणि माणूस यांच्यात तो फाटा सारखा नाही, तेव्हा उत्तरंही सारखी येतील अशी अपेक्षा कशी करायची? ब-६ जीवनसत्त्वाचा सहभाग, धान्याचा वाण, आहारातलं बाकीचं अन्न, असे मुद्दे नंतर पुढे आले. पण ‘तक्त्यात नायसिन पुरेसं आहे, मग रोग होणार नाही’ असं म्हणणं त्यानंतर कुणाला सोपं राहिलं नाही.

इथे एक खुलासा हवाच, नाहीतर कुणी म्हणेल ज्वारी वाईट. ज्वारी वाईट नाही. पेलाग्रा झाला तो ताटात ज्वारीशिवाय जवळजवळ काहीच नव्हतं त्यांना. भाकरीसोबत डाळ, दूध, पिठलं, भाजी असेल तर चित्र बदलतं. आणि आपल्याकडे भाकरीसोबत असते ती शेंगदाण्याची चटणी. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला १२ मिलिग्रॅमच्या आसपास, काही तक्त्यांत त्याहूनही जास्त नायसिन असतं. आजीने ते मोजलेलं नव्हतं, पण ताटात ते होतं.

मग पिल्लांना शेंगदाण्याची पेंड घालावी का?

हा विचार साहजिक आहे. नायसिन आहे, प्रथिनं भरपूर आहेत, आणि गुरांसाठी पेंड घरात असतेच. पण नेमकी इथेच बदकाच्या पिल्लाची दुसरी खासियत आडवी येते.

१९६० मध्ये इंग्लंडात टर्कीची पिल्लं पटापट मरू लागली. आकडा एक लाखाच्या वर गेला. कारण कळेना, म्हणून नाव पडलं ‘टर्की एक्स रोग’. बदकाची आणि फेझंटची पिल्लंही मेली. सगळा माग शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी पोचला, आणि पूर्व आफ्रिकेतल्या शेंगदाण्यातही तेच विष सापडलं. १९६१ मध्ये ते कुठून येतं हे कळलं. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीतून. बुरशीच्या नावातली अक्षरं घेऊन विषाचं नाव झालं अफ्लाटॉक्सिन. त्याच्या प्रकारांना बी आणि जी म्हणतात, कारण अतिनील प्रकाशात एक निळा चमकतो आणि दुसरा हिरवा.

या विषाला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्यांपैकी एक म्हणजे बदकाचं एक दिवसाचं पिल्लू. एका किलो वजनामागे एक तृतीयांश मिलिग्रॅमच्या आसपास बी-१ गेलं तर निम्मी पिल्लं मरतात. कोंबडीच्या पिल्लाला त्याहून कितीतरी पट जास्त लागतं. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट झाली. बदकाचं पिल्लू हे प्रयोगशाळेतलं मोजमापाचं साधन बनलं. संशयित पेंडीचा अर्क एक दिवसाच्या पिल्लांना काही दिवस द्यायचा आणि मग त्यांच्या यकृतात पित्तनलिका किती वाढल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. रासायनिक पद्धती विश्वासार्ह होईपर्यंत जगभर ही चाचणी वापरली गेली.

भारतात याची किंमत माणसांनी मोजली. १९७४ च्या अखेरीला राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात, आदिवासी गावांमध्ये, कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. हैदराबादच्या पोषण संस्थेतल्या कृष्णमाचारी आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. कापणीच्या वेळी अवकाळी पावसात भिजलेला मका घरात साठवला होता. त्यावर बुरशी आली आणि दुसरं खायला काही नसल्याने लोकांनी तोच खाल्ला. त्याच घरांतली कुत्रीही आजारी पडली होती. बदकाच्या पिल्लांनी चौदा वर्षं आधी जे सांगितलं होतं, ते त्या गावांपर्यंत पोचलेलं नव्हतं.

तर सुप्यातल्या पिल्लाला काय घालायचं?

इतिहास वाचून झाल्यावर एवढं तरी सांगायला हवं. पहिले दोन-तीन आठवडे कोंबडीच्या पिल्लांचं चुरा स्वरूपातलं, २० ते २२ टक्के प्रथिनांचं स्टार्टर हा पाया चालेल, शक्यतो औषध न मिसळलेलं. त्यातलं नायसिन कोंबडीच्या हिशोबाने असू शकतं, म्हणून वरून ब्रूअर्स यीस्ट किंवा नायसिनचा पूरक द्यायचा. प्रमाण पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवा. सोबत थोडं उकडलेलं अंडं, मटार, बारीक चिरलेला पाला. भाकरी, भात, ब्रेड यांनी पोट भरतं आणि गरजेचं काही मिळत नाही, तेव्हा ते चिमूटभरच.

अंड्यावरच्या कोंबडीचं लेयर खाद्य पिल्लांना नको. त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, पिल्लाची गरज ०.६५ टक्के. जादा कॅल्शियमचा मार मूत्रपिंडावर बसतो. खाद्यासोबत पाणी हवंच, आणि भांडं इतकं खोल हवं की चोच नाकपुड्यांसकट बुडेल. कोरडं खाद्य नाकात आणि घशात अडकतं आणि बदक ते पाण्याने धुतं. आणि पावसाळ्यात जमिनीला टेकून ठेवलेल्या पोत्यातलं, कुबट वास येणारं खाद्य असेल तर ते गुरांना चालतंय म्हणून पिल्लांना घालू नका. पाय वाकायला लागलेत असं दिसलं तर त्याच दिवशी नायसिनचं बघा. सुरुवातीला लक्ष दिलं तर पिल्लू सावरतं, हाडं वाकून पक्की झाली की फारसं काही करता येत नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी

प्रस्ताव लिहिताना आपण ‘गरज अमुक मिलिग्रॅम’ असं एक वाक्य टाकतो, संदर्भ देतो आणि पुढे जातो. माझं सांगणं एवढंच, की त्या वाक्याजवळ एकदा थांबा आणि तीन गोष्टी विचारा.

पहिली, हा आकडा कुणाच्या शरीराचा आहे? कुठला प्राणी, कुठली जात, कुठलं वय. दुसरी, तो कोणत्या अन्नावर मोजला? शुद्ध घटकांच्या खाद्यावर मिळालेली गरज ज्वारी-मक्याच्या खाद्याला तशीच लागू होत नाही, कारण दाण्यात असलेलं सगळं शरीराला मिळत नाही. तिसरी, तो मोजायचा खर्च कुणी आणि कशासाठी केला? पेकिन बदकाला तक्ता मिळाला कारण तिच्यामागे बाजार होता. गोपालन यांच्यासमोर ज्वारीचा प्रश्न आला कारण त्यांची संस्था ज्वारीच्या मुलखात आली होती.

या तिसऱ्या प्रश्नातून विषय सापडतात, हे मी अनुभवाने सांगते. आपल्या जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, ज्वारीच्या वाणांवर तिथे अनेक वर्षं काम चालू आहे. गावागावांत शेततळी आहेत, त्यात बदकं येऊ लागली आहेत. आपल्या ज्वारीतलं नायसिन बदकाच्या पिल्लाला प्रत्यक्षात किती मिळतं, भिजवून मोड आणले किंवा आंबवलं तर त्यात काय फरक पडतो, हे एखाद्या एमएस्सीच्या प्रकल्पात बसणारे प्रश्न आहेत. त्यासाठी परदेशी उपकरण लागत नाही. वजनकाटा, नोंदवही, योग्य परवानगी आणि पिल्लांची नीट काळजी घेणारा माणूस लागतो.

प्रश्न किरकोळ वाटत असेल, तर आइकमनच्या कोंबड्या आठवा. त्याही कुणी प्रयोगासाठी भातावर ठेवल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात उरलं होतं, ते त्यांना घातलं होतं, इतकंच.